रशीदभाईचा कान

माझं गाव फुलंब्रीच्या अलीकडं, सडकेला चिकटून. तुमी लिहूनच घेताय तर पयल्यापासून घ्या. बाप सडकेवर खडी फोडायचा, आई पाट्या वाहायची, आन् काय सांगू तुमाला, माझ्या बापानं जलमभर फोडलेली खडी एका जागी ओतली असती तर दौलताबादच्या किल्ल्याला शेजारी मिळाला असता. जमीन म्हनायला पायाखाली यील तेवढी. आमी बौद्ध मानसं, भिंतीवर दोन फोटो, बाप रोज फोटोकडं बोट करायचा आन् म्हनायचा शिक, आन् मी शिकायला बसायचो बी, पन माझे कान सडकेवर. कारन सडकेचं काम बघायला एक साहेब यायचा मोटरसायकलीवर. तिचा आवाज गाडीच्या आदी कोसभर यायचा, आन् गाडी गेली की मागं निळा धूर राहायचा, त्या धुरात मी उभा राहायचो तोंड उघडं टाकून. दुसरी पोरं जत्रंत गुडीशेव खातात तसा मी धूर खायचो. आई म्हनायची, ह्या पोराला दूध नको, पेट्रोल पाजा.

मंग काय, मिसरूड फुटायच्या आत सिल्लोडकडून आलेल्या सरकीच्या ट्रकवर बसून शहरात आलो. शहागंजच्या मागं पत्र्याचं शेड, दारात काळी माती, म्हंजी माती नव्हं, ऑइल पिऊन पिऊन मातीचं डांबर झालेलं. आत एक गाडी चालू, आन् गाडीकडं पाठ करून, भिंतीला नाक लावून एक मानूस उभा. मी म्हनलं मानूस नमाज पडतोय, थांबावं. पन हात बांधलेले नाय, आन् पश्चिम तर दुसऱ्या बाजूला. मी म्हनलं मंग शिक्षा झाली असंल. तेवढ्यात तो मानूस भिंतीलाच म्हनला, पॉइंट आगे है, बालभर. मंग मान बी न वळवता मला म्हनला, क्या बे, खडा क्या है, बंद कर, कान दुखरा मेरा. मी गाडी बंद केली. तो रशीदभाई. तीच माझी नोकरीची मुलाखत, तीच माझी ऑर्डर. त्यानं मला कामावर ठेवलं असं मला आजपतुर कोनी सांगितलं नाय.

आता ती गाडी काय चीज व्हती ते सांगतो, न्हाई तर तुमाला पुढचं कळायचं नाय. टू-स्ट्रोक. एक सिलिंडर आन् सायलेन्सर दोन, एक डावीकडं, एक उजवीकडं, म्हनून आमी तिला दुनळी म्हनायचो, बंदुकीवानी. शिकलेले लोक येऊन विचारायचे, एका सिलिंडरला दोन नळ्या काऊन? रशीदभाई म्हनायचा, आपकू नाक एक है ना, छेद कित्ते हैं? झालं, पुढं विचारायची बात नाय. तिला व्हॉल्व्ह नावाची भानगड नाय. पिस्टनच खिडकी उघडतो, पिस्टनच लावतो, दारावर नोकर ठेवलेला नाय, मालक स्वता उठून दार उघडतो असं समजा. आन् तिला ऑइलची टाकी बी वेगळी नाय, ऑइल पेट्रोलातच कालवायचं, तेच जळायचं आन् जळता जळता पिस्टनला चोपडत जायचं. तो जो निळा धूर, तो त्या ऑइलचा. खोटं वाटंल, पन आमच्या शेडच्या चारी बाजूला कैक वर्षं मच्छर नव्हता. धूर मारनारा सरकारी मानूस मशीन खांद्यावर घेऊन यायचा, आमच्या दारात उभा राहून वास घ्यायचा आन् मान खाली घालून परत जायचा.

आन् किक. ज्या दांडीनं किक मारायची तीच दांडी आत दाबून पुढं पाडली की ती गिअर. बाकी गाडीवर गिअर शोधून सापडत नाय. एकदा एका चोरानं भर दुपारी शेडसमोरून दुनळी ढकलत नेली, चालू केली, पन गिअर कुठं हाय ते त्याला कळंना. हिकडं बघ, तिकडं बघ, शेवटी घामानं भिजलेला ती गाडी ढकलत आमच्याकडंच आला आन् म्हनला मिस्तरी, जरा गिअर दाखवा. रशीदभाईनं दाखवला. मंग म्हनला, गाडी रख, चाय पी के जा. तो चोर पुढं आमचं लई जुनं गिऱ्हाईक झाला, गाडी मातर स्वताची आनायचा.

तर सांगत व्हतो भिंतीचं. आमच्याकडं रीत अशी व्हती की काम माझ्या हातचं आन् निकाल रशीदभाईच्या कानाचा. पॉइंट म्हंजी ठिनगी कवा पडायची ते ठरवनारी बारीक जागा, तिथं दुसरे मिस्तरी सिगारेटच्या पाकिटाचा कागद घालून माप घ्यायचे. रशीदभाई म्हनायचा, कागज झूट बोलता, आवाज नै बोलता. आन् गाडीकडं बघायचा बी नाय, आँख कान को बहकाती म्हनायचा, भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. चुकलं तर शिवी. नीट असलं तर फक्त म्हनायचा, चाय मंगा. च्या आला की समजायचं गाडी द्यायला हरकत नाय. कितीदा मी त्याला फसवायला बघितलं! दोन गाड्या एकदम चालू करायच्या, एकीचा पॉइंट केसभर हलवून ठेवायचा, तो भिंतीलाच म्हनायचा, बायीं तरफ वाली, गधे. रेल्वे स्टेशनावर उभं राहून तो शहागंजातली गाडी ओळखायचा. बरं, स्टेशन जरा लांब पडतं, क्रांती चौक धरा. क्रांती चौकातून नक्कीच ओळखायचा.

मंग दिवस फिरले. टू-स्ट्रोक बंद झाल्या, कारखान्यातनं नव्या फोर-स्ट्रोक आल्या, त्यांचा आवाज म्हंजी शिलाई मशीन, त्यांना कान लागत नाय, त्यांना कॉम्प्युटर लागतो. ज्या दुनळ्या आमी पोटच्या पोरीवानी सांभाळल्या त्या भंगारात किलोनं गेल्या. आता काही हौशी लोक जुनी गाडी काढतात, चमकवतात, फोटो काढतात, चालवत नाय. रशीदभाई म्हनायचा, मय्यत को मेकप करते ये लोगां. तरी आमचं शेड चालू व्हतं. दोघं म्हातारे समोरासमोर बसायचो, त्याच्या शिव्या चालू, माझा पाना चालू. माझी कमल, म्हंजी आमची मंडळी, म्हनायची, अवो, तुमी दोघं एकमेकांना नवरा-बायकोवानी टोचून बोलता, मंग मी कशाला हाय घरात?

आता ऐका. वैजापूरचा एक कांद्याचा आडत्या व्हता, त्याच्या बापाची दुनळी. नवा पिस्टन टाकला, मी बसवला, रशीदभाईनं ऐकली, च्या आला. टाकीत पेट्रोल रशीदभाईनं स्वता घातलं. आडत्या निघाला आन् लासूर स्टेशनच्या पुढं जाऊन गाडी जाम. नुसती बंद नव्हं, जाम, पिस्टन सिलिंडरला चिकटला. टेम्पोत घालून परत आनली, मी उघडली, आत कोरडं ठनठनीत. टाकीचा वास घेतला. नुसतं पेट्रोल. ऑइलच नाय.

तुमाला वाटंल त्यात काय एवढं. अहो, टू-स्ट्रोकवाल्यानं ऑइल विसरनं म्हंजी बाईनं भाकरी थापताना पीठ विसरनं. आमी झोपेत उठलो तरी आदी ऑइल मग पेट्रोल. मी रशीदभाईकडं बघितलं, तो माझ्याकडं बघून म्हनला, मैं डाला ऑइल. मी म्हनलं भाई, नाय घातलं. तो म्हनला, डाला बोल्या ना बे! आन् त्याचे डोळे बघून मी टाकीचं झाकन लावून टाकलं, कारन त्यात राग नव्हता, भ्या व्हतं.

त्याच्यानंतर उतारच. तो भिंतीकडं तोंड करायचा तो दाराकडं करायला लागला. दांडी हातात घेऊन ती कशाची ते आठवत बसायचा. मंग सलमाभाभीनं, म्हंजी त्याच्या बायकोनं, त्याला दवाखान्यात नेलं, मी बी गेलो. डॉक्टर चांगला मानूस, त्यानं डोक्याचा फोटो दाखवला, म्हनला मेंदू आकसत चाललाय, विसरन्याचा आजार, हा पुढं वाढत जानार. मी म्हनलं डॉक्टरसाहेब, सिलिंडर झिजला तर आमी बोअर मारून, म्हंजी भोक रुंद करून, मोठा पिस्टन टाकतो, ह्याच्यात असं काही? डॉक्टर हसला नाय. भाभी पन नाय. रशीदभाई तेवढा हसला, कारन बोअर हा शब्द त्याला ओळखीचा वाटला.

त्याला घरी बसवलं. रोशन गेटाच्या आत त्याचं घर, दारात ओटा. मी शेड एकट्यानं चालवायला लागलो, आन् मला एकच गोष्ट खायला उठली. बायकोचं नाव विसरला, इसरू दे. लेकी कुठं दिल्यात ते विसरला, इसरू दे. पन कान? तो कान मेंदूत थोडाच ऱ्हातो, मी म्हनलं, तो कानातच ऱ्हात असंल. मंग मी ठरवलं, दर शुक्रवारी, दुपारची नमाज होऊन तो न्हाऊन-धुऊन ओट्यावर बसला की, माझी स्वताची दुनळी घेऊन जायचं. आन् नीट करून नाय न्यायची. मुद्दाम बिघडवून न्यायची. म्हंजी तो शिवी दील. एक शिवी दिली तरी मानूस आत हाय.

पयल्या शुक्रवारी पॉइंट केसभर पुढं ठेवला. ओट्यासमोर गाडी उभी केली, चालूच ठेवली. तो बघत राह्यला. मी म्हनलं, काय भाई, कशी हाय? तो म्हनला, बढिया है.

बढिया! अहो, हा शब्द त्या मानसाच्या तोंडातनं मी जलमात ऐकला नव्हता. लोकांच्या लग्नात जेवून आला तरी म्हनायचा, नमक ठीक था. मी म्हनलं असंल, आज बरं वाटत नसंल. पुढच्या शुक्रवारी आनखी बिघडवली. कार्बोरेटरची सुई खाली पाडली, गाडी दम्याच्या म्हाताऱ्यावानी खोकायला लागली. बढिया है. त्याच्या पुढच्या शुक्रवारी एका सायलेन्सरात चिंधी कोंबली, दुनळीची एकनळी केली, गल्लीतल्या कोंबड्या पत्र्यावर चढल्या. बढिया है. दर वेळंला तोंडभर हसून.

आन् ही गाडी मी उडवत न्यायचो कुठून? शहागंजातनं, भर बाजारातनं. लोक आइकतात की. लोक म्हनायला लागले, किसन मिस्तरीचा हात गेला. स्वताची गाडी नीट करता येईना, दुसऱ्याची काय करनार. जे चार-दोन हौशी यायचे ते बी यायचे थांबले. कमल म्हनली, अवो, सगळं शहर तुमाला हसतंय, ती गाडी नीट करा ना एकदाची. मी म्हनलं नीट करून काय करू, नीट गाडीला शिवी कोन दील? ती म्हनली, मी देते, पायजे तेवढ्या. लई दिल्या बी. पन त्या कामाच्या नव्हत्या.

मंग मी शेवटचं हत्यार काढलं. टू-स्ट्रोकमधे एक येडेपना हाय. आत व्हॉल्व्ह नाय, मंग तिला पुढं काय आन् मागं काय, पिस्टन खालवर झाला की झालं. पॉइंट पार पुढं आनून ठेवायचा, अर्धवट किक मारायची, इंजिन उलटा झटका देतं आन् उलटंच फिरायला लागतं. सादं मानूस ओळखत नाय, उभी गाडी चालूच दिसते. गिअर टाकला की मातर गाडी मागं पळते. सिल्लोडकडचा एक नवरदेव असाच वरातीत दुनळीवर बसला, गिअर टाकला आन् उलटा गेला तो बँडवाल्यांना घेऊन थेट स्वताच्या गावाच्या वेशीत. लोक म्हनले पोराचं मन नाय. आन् खरंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी त्यानं मला पेढे आनून दिले. पन रशीदभाईला हे बी आवाजावरनं कळायचं, पयल्या फटक्यात. उल्टी चली बे, बंद कर, क्रँक खायेगी! असा वरडायचा की हातातला पाना पडायचा.

तर त्या शुक्रवारी मी गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली, पॉइंट फिरवला, किका मारल्या. पायाचा घोटा सुजला तवा कुठं उलटी लागली. मंग मी बसलो आन् गिअर टाकला, आन् ह्या वयात, पाठ पुढं आन् तोंड मागं करून, दोन्ही पाय जमिनीला घासत, रशीदभाईच्या ओट्याकडं उलटा निघालो. गल्ली सगळी बाहीर. लेकरं टाळ्या पिटायला लागली, एक बकरी दोरी तोडून पळाली, कोनीतरी म्हनलं, मिस्तरी पागल हो गया. मी कुनाकडं बघितलं नाय. मी त्याच्याकडं बघत व्हतो. ओट्यासमोर गाडी थांबवली, इंजिन उलटं फिरतंय, ढग ढग ढग, माझं काळीज बी तसंच. मी मनात म्हनलं, भाई, आता तरी. गधा म्हन, नालायक म्हन, माझ्या बापाला म्हन, खडीतनं उठून येऊन ऐकंल तो.

त्यानं मान जरा तिरपी केली. ती मान तो जुन्या दिवसात तशीच करायचा, शिवीच्या आदी. आन् मंग तो उठला, ओट्याच्या कडंला आला, दोन्ही हात जोडल्यावानी केलं आन् म्हनला, बढिया गाडी है, मास्टर. आप बहोत अच्छी रखे.

आप.

अबे, गधे, नालायक, हरामखोर, सगळ्या नावांनी त्या मानसानं मला हाक मारली, एका आख्ख्या आयुष्यात मारली. आप म्हनून त्यानं मला कवाच बोलावलं नव्हतं. आप तो गिऱ्हाइकाला म्हनायचा. मी गाडी बंद केली आन् ओट्याच्या पायरीवर बसलो.

भाभी च्या घेऊन आली. लोकांना तिनं हाकललं, मंग माझ्याजवळ बसली, म्हनली, किसनभाई, अब बस करो. मी म्हनलं भाभी, ह्याचा कान गेला. ती म्हनली, कान का मालूम नै मेरेकू. पर ये पराये आदमी कू कायकू गाली देते? मेरेकू भी आप बोलते अब. कल मेरेकू पूछे, आप किसके घर के हैं. असं म्हनली आन् बशीतला च्या त्याच्या हातात दिला, आन् त्यानं तिला शुक्रिया म्हनलं.

तिचं ते बोलनं माझ्यात अजून रुतलंय, ते निघत नाय. कारन बगा, कान गेला असंल तर त्याचा गेला, अल्लाची मर्जी, म्हातारपन हाय. पन कान शाबूत असंल, त्याला आत सगळं ऐकू येत असंल की पॉइंट पुढं हाय, इंजिन उलटं हाय, आन् तो फक्त परक्या मानसाची अब्रू राखायला हसून बढिया म्हनत असंल, तर मंग काय? मंग त्याचं काहीच गेलं नाय, माझंच सगळं गेलं. ह्या दोनातलं कोनतं खरं ते मला कोनी सांगत नाय. डॉक्टरला विचारलं, तो म्हनला असं ठरवता येत नाय. मी इतक्या गोष्टी सांगतो लोकांना, चोराची सांगतो, नवरदेवाची सांगतो, त्यात मीठ-मिरची घालतो, तुमी बी ओळखलं असंल. ह्या गोष्टीत घालायला मला मीठ सापडलं नाय.

शेड हाय अजून. कुलूप काढतो, बसतो, लावतो. लोकांना वाटतं हात गेला, वाटू द्या. एकच गाडी माझ्याकडं हाय आन् एकच गिऱ्हाईक. गुरुवारी दिवसभर ती दुनळी उघडून बसतो. चिंधी काढली, सुई जागेवर आनली, पॉइंट मला जमंल तितका, मला काय त्याच्यासारखं जमतंय, पन कागद घालून, परत काढून, परत घालून, डोळ्यातनं पानी येईस्तोवर बघतो. सायलेन्सरातली काजळी जाळून काढतो. ऑइल माझ्या हातानं कालवतो. आन् शुक्रवारी नेतो ओट्यासमोर, बाजारातनं हळू, आवाज एकदम साफ. तो हसून म्हनतो, बढिया है, मास्टर. मी म्हनतो, शुक्रिया रशीदभाई. त्या मानसाचा निकाल कवा चुकला नाय, शेवटाला बी चुकू नये, तेवढ्यासाठी मी ती गाडी नीट करतो. दुसरं काय बी नाय त्यात.

थांबा, च्या घेऊन जा. तुमाला काय आशीर्वाद द्यावा, माझ्याकडं हाय काय द्यायला? तुमच्या मानसानं तुमाला मरेपतुर अबे म्हनत राहावं, शिव्या घालाव्यात, गधा म्हनावं. आप म्हनायची पाळी तुमच्या घरी कवा येऊ नये.